कुररानं टाकलेला घास



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, एकादश स्कंध, अध्याय ९.

जे रोज वाचतात त्यांना संदर्भ ठाऊक आहे. जे आज पहिल्यांदा आलेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यदू राजाला एक तरुण अवधूत भेटतो. जवळ काही नाही, उद्याच्या जेवणाची सोय नाही, आणि चेहऱ्यावर मात्र अशी प्रसन्नता की राजालाच हेवा वाटावा. राजा विचारतो, बाबा रे, तुला हे मिळालं कुठून? अवधूत म्हणतो, माझे चोवीस गुरू आहेत. आणि मग यादी सांगतो: पृथ्वी, वारा, समुद्र, अजगर, मधमाशी, पिंगला नावाची वेश्या, जाळं विणणारा कोळी. गंमत बघा, यातला एकही गुरू त्याला शिकवायला आलेला नव्हता. ते सगळे आपापलं जगत होते. हा नीट बघत होता, एवढंच. श्रीकृष्ण हाच जुना संवाद उद्धवाला सांगतात. आपल्याकडे या अवधूताला दत्तप्रभू मानतात, आणि नाथमहाराजांनी याच स्कंधावरची आपली टीका काशीत शके १४९५ मध्ये, म्हणजे इ.स. १५७३ मध्ये पूर्ण केली. चारशेपेक्षा जास्त वर्षं मराठी घरांतून हे चोवीस गुरू वाचले जातायत.

या चोवीसात पक्षी दोनच. सातव्या अध्यायातलं कबुतर आपण परवा वाचलं. आज दुसरा पक्षी येतो, कुरर. आणि नेमका याच आठवड्यात पक्ष्यांबद्दलच एक मेसेज आला. मुलगी पुण्यात आयटीत नोकरी करते. तिला विचारून, नाव न घेता, इथे देतोय.

"दादा, दोन वर्षांपासून मला उडत्या पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद लागलाय. शनिवारी रात्री लेन्स पुसायची, पहाटे साडेतीनला निघायचं, उजाडायच्या आत भिगवण. आधी रविवारी सकाळी माझं पारायण असायचं, ते आता बुडतं. पण विचारायचंय ते वेगळंच. गेल्या मार्चमध्ये आमच्या बोटीतल्या एकाने नावाडीकाकांना जादा पैसे देऊ केले आणि बोट थेट थव्यात घालायला सांगितली. मी काही बोलले नाही. उलट कॅमेरा तयार ठेवला. दोनशेएक रोहित एकदम उडाले. तो माझा आजपर्यंतचा सगळ्यात चांगला फोटो आहे. आता ऑफिसच्या नव्या वर्षाच्या कॅलेंडरसाठी निवडला गेलाय. सगळे अभिनंदन करतायत. आणि देवापुढे बसलं की मला विठोबा दिसत नाही, तेच पंख दिसतात. हा छंद सोडून देऊ का?"

दोन दिवस मी उत्तर दिलं नाही. आज अध्याय वाचताना लक्षात आलं की उत्तर अवधूतानेच देऊन ठेवलंय. तेव्हा आज आपण त्याच्याकडूनच ऐकू.

आधी जागेबद्दल

ज्यांनी भिगवण पाहिलं नाही त्यांच्यासाठी. पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण शंभर किलोमीटर गेलं की भीमा नदी अचानक समुद्रासारखी पसरते. हे उजनी धरणाचं पाणी. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि मागे कित्येक गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ आजही पाणी उतरलं की वर येतं. हिवाळ्यात कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला पाणी हळूहळू मागे सरकतं, चिखल उघडा पडतो, आणि त्या उथळ पाण्यात पक्षी उतरतात. रोहित येतात, ज्यांना आपण फ्लेमिंगो म्हणतो. पट्टकादंब येतात, मध्य आशियातून आणि तिबेटच्या पठारावरून, हिमालय ओलांडून. दोन-तीन किलोचा हा हंस. शास्त्रज्ञांनी त्याच्या पाठीवर यंत्र बसवून माग काढला, तेव्हा तो सात हजार मीटरच्याही वर उडताना नोंदला गेला. तेही बऱ्याचदा रात्री नाहीतर पहाटे, कारण तेव्हाची गार हवा जास्त दाट असते आणि पंखांना आधार देते.

आणि हीच भीमा पुढे वाहत पंढरपूरला जाते. तिथे ती चंद्रभागा होते. आषाढीला वारकरी ज्या पाण्यात उतरतात त्यात अनेकदा उजनीतून सोडलेलं पाणी असतं. म्हणजे ताई, तू रविवारी पहाटे ज्या पाण्यावर बोटीत बसतेस ते पाणी विठोबाच्याच वाटेवर आहे. पारायण बुडतं हे खरं. पण तू विठोबापासून लांब गेलीस असं मला वाटत नाही. तू नदीच्या वरच्या अंगाला आहेस, इतकंच.

आता अध्यायाकडे वळू.

पहिला गुरू: कुरर

गोष्ट अगदी छोटी आहे. एका कुरराच्या चोचीत मांसाचा तुकडा होता. दुसरे, त्याच्यापेक्षा दांडगे पक्षी उपाशी होते. ते त्याच्यावर तुटून पडले. तो पळतोय, वळतोय, टोच्या खातोय. शेवटी त्याने तुकडा टाकला. सगळे पक्षी तुकड्यामागे गेले. कुरर एकटा राहिला आणि सुखी झाला. संपली गोष्ट.

कुरर म्हणजे नेमका कोणता पक्षी यावर मतं आहेत, पण मासे धरणारा ऑस्प्रे म्हणजेच कुरर असं मानणारे पुष्कळ आहेत. हा ऑस्प्रे उजनीलाही हिवाळ्यात येतो. पाण्यावर घिरट्या घालतो, पाय पुढे करून खाली झेपावतो आणि मासा उचलतो. मासा निसटू नये म्हणून त्याच्या तळपायावर बारीक काटे असतात, आणि बाहेरचं बोट मागे वळवता येतं, म्हणजे दोन बोटं पुढे, दोन मागे, अशी पक्की पकड. उडताना तो मासा असा फिरवून धरतो की माशाचं डोकं पुढे राहतं, म्हणजे वाऱ्याला अडथळा कमी. आणि हे सगळं कौशल्य पणाला लावून मासा मिळाला रे मिळाला की घारी आणि दुसरे शिकारी पक्षी मागे लागतात. ज्यांनी हे प्रत्यक्ष पाहिलंय त्यांना भागवतातला श्लोक समजावून सांगावा लागत नाही. फार जुनी उपमा म्हणून आपण ती वाचतो, आणि ती समोर पाण्यावर घडत असते.

आता इथे एक बारीक गोष्ट आहे. अवधूत असं म्हणत नाही की कुररानं उडणं सोडलं. मासे धरणं कायमचं सोडलं असंही म्हणत नाही. ज्या तुकड्यामुळे त्याला टोच्या बसत होत्या तो तुकडा त्यानं टाकला. आपण मात्र काय करतो? टोच्या बसायला लागल्या की एक तर तुकडा आणखी घट्ट धरतो, नाहीतर वैतागून उडणंच बंद करतो. "हा छंद सोडून देऊ का" हा प्रश्न दुसऱ्या प्रकारातला आहे. पंख छाटून टाकले तर चोचीतला तुकडा थोडाच सुटणार आहे?

मग ताई, तुझ्या चोचीतला तुकडा कोणता? कॅमेरा? पहाटेची गाडी? तसं असतं तर याआधीच्या दोन वर्षांत तुला टोचलं असतं. टोचायला लागलं ते त्या एका फोटोपासून. ते का, ते पुढे पाहू.

दुसरी गुरू: बांगड्यांची मुलगी

कुररानंतर अवधूत लहान मुलाबद्दल दोन शब्द बोलतो आणि मग एका मुलीची गोष्ट सांगतो. तिला बघायला पाहुणे आले. घरची माणसं बाहेर गेलेली. पाहुण्यांना जेवायला घालायचं म्हणून ती एकटीच आत भात कांडायला बसली. हातातल्या शंखाच्या बांगड्या खळखळ वाजायला लागल्या. तिला लाज वाटली. घरात कांडायलाही दुसरं कुणी नाही, हे बाहेर कळणार! म्हणून तिने एकेक बांगडी काढायला सुरुवात केली. दोन राहिल्या तरी वाजतच होत्या. शेवटी हातात एकच ठेवली. आवाज थांबला.

अवधूत म्हणतो, पुष्कळ जण एकत्र आले की भांडण, दोघं असले तरी गप्पा. म्हणून एकट्यानं राहावं.

आता एका बोटीत सहा कॅमेरे बसलेत अशी कल्पना करा. प्रत्येकाला माहीत आहे की शेजारच्यालाही तीच फ्रेम मिळणार. मग वेगळं काय? उडता फोटो. कारण रोहित उभा असतो तेव्हा लांबून पांढुरका, फिकट गुलाबी दिसतो. खरा रंग पंखाखाली लपलेला असतो. पंख उघडले की आत भडक लाल-गुलाबी, आणि कडेला काळी किनार. म्हणून तर त्याला अग्निपंख म्हणतात. ते दिसावं म्हणून कुणीतरी टाळी वाजवतं, कुणी हुर्र करतं, कुणी नावाड्याला नोट दाखवतं. एकटा माणूस असता तर त्यानं असं केलं असतं का? क्वचितच. बांगडी बांगडीवर आपटते तेव्हाच आवाज होतो.

तुझ्या मेसेजमधलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. "मी काही बोलले नाही." सहा जणांत एकानं नोट काढली आणि पाच जणांनी कॅमेरे तयार ठेवले. कामाच्या ठिकाणी, कॉलेजात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये आपण सगळे कधी ना कधी त्या पाचांत असतो. नोट काढणाऱ्याला आपण दोष देतो आणि फोटो मात्र आपल्याकडेही असतो.

आणि नावाडीकाकांकडेही जरा बघू. तिथले बरेच नावाडी मूळचे मासेमारी करणारे. हिवाळ्याचे चार महिने पर्यटक येतात, त्यावर घर चालतं. त्यांना पक्षी आपल्यापेक्षा जास्त कळतात. पण गिऱ्हाईक नाराज होऊन गेलं तर उद्या ते शेजारच्या बोटीत बसेल, ही भीती त्यांच्या डोक्यावर कायम असते. बोटीत बसल्या बसल्या एखाद्यानं जरी म्हटलं, "काका, पक्षी उडवायचे नाहीत हां, लांबूनच चालेल," तरी त्यांच्या मनावरचं ओझं उतरतं. हे वाक्य फुकट आहे. आणि ते एकाच बांगडीला म्हणता येतं.

थोडं थव्याच्या बाजूनं

"उडाले तर उडाले, पक्षीच ते, उडणारच की!" असं कुणी म्हणेल. तर तसं नाही. रोहित काय करतो बघा. चोच उलटी करून चिखलात फिरवतो, पाणी आत ओढतो, गाळतो, आणि त्यातलं बारीक शेवाळ आणि किडे पोटात जातात. कणाकणानं पोट भरायचं. इतकं अंग घेऊन एकदम हवेत जाता येत नाही, म्हणून उडताना तो पाण्यावर धावतो, पंख मारत वेग घेतो आणि मग उठतो. उडण्याला उभं राहण्यापेक्षा कितीतरी पट जास्त शक्ती लागते. एका सकाळी दहा बोटींनी दहा वेळा उडवला, तर त्यानं खायचं कधी? पट्टकादंबाला तर मार्चच्या सुमारास परत हिमालय ओलांडायचाय. त्या प्रवासाची शिदोरी तो इथल्या पाण्याकाठी अंगावर चढवत असतो. आपण ती थोडी थोडी सांडत असतो.

पक्षी उडण्याआधी सांगतो, हेही खरं. खाणं थांबतं. माना वर होतात. आवाज वाढतो. सगळा थवा एका दिशेनं चालायला लागतो. फोटो काढणाऱ्यांना या खुणा पाठ असतात, कारण त्या दिसल्या की बोट शटरवर जातं. ज्याला खुणा कळतात त्याला दोन गोष्टी करता येतात. बोट पुढे घ्यायला सांगता येते, किंवा थांबवायला. ज्ञान एकच. त्याचं काय होणार ते मनावर अवलंबून.

आपलं आदिकाव्य कुठून सुरू होतं ते आठवा. क्रौंच पक्ष्यांची जोडी, त्यातल्या एकाला व्याधाचा बाण लागतो, आणि वाल्मीकींच्या तोंडून पहिला श्लोक बाहेर पडतो. पक्ष्याची वेदना एका माणसाला टोचली म्हणून आपल्याला रामायण मिळालं. तेव्हा देवापुढे बसल्यावर तुला ते पंख दिसतात ना, त्याला घाबरू नकोस. ते मनाचं भटकणं असेलच असं नाही. कदाचित तुझं अंतःकरण जिवंत असल्याची ती खूण आहे.

तिसरा गुरू: बाण घडवणारा

आता मला या छंदाची बाजूही घ्यायचीय, कारण अवधूतानं ती घेतलीय.

एक कारागीर बाण सरळ करत बसला होता. रस्त्यावरून राजाची स्वारी गेली. ढोल, ताशे, घोडे. मागून कुणीतरी विचारलं, राजा कुठल्या बाजूनं गेला? हा म्हणाला, राजा? मी तर पाहिला नाही. इतका तो बाणाच्या टोकात होता. अवधूत म्हणतो, चित्ताची एकाग्रता मी याच्याकडून शिकलो.

लक्षात घ्या, हा माणूस देवळात नव्हता. जप करत नव्हता. आपलं काम करत होता. तरी तो गुरू झाला.

उडता पक्षी फोटोत पकडणं हे बऱ्यापैकी असंच काम आहे. नदी सुरय घ्या. पाण्यावरून कागदाच्या तुकड्यासारखा सरसर जातो आणि अचानक मासा दिसला की डोकं खाली करून बुडी. शटर स्पीड निदान १/२००० तरी ठेवावा लागतो, सुरयासाठी १/३२००. लांब लेन्समध्ये आकाशाचा एवढासा तुकडा दिसतो, त्यात पक्षी सापडायचा आणि सापडल्यावर निसटू द्यायचा नाही. पक्षी जवळ आल्यावर कॅमेरा उचलला तर उशीर झाला. तो लांब ठिपका असतानाच त्याला धरायचं, त्याच्याबरोबर खांदे, कंबर, श्वास सगळं वळवायचं, आणि डोळा त्याच्या डोळ्यावर ठेवायचा. पक्षी बहुधा वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उठतो, म्हणून वारा आणि ऊन दोन्ही आपल्या पाठीशी राहतील अशी जागा घ्यायची. मग तास-तास वाट बघायची. हे सगळं जमत असताना मनात दुसरा विचार राहतो कुठे? ईएमआय आठवत नाही, मॅनेजर आठवत नाही.

फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे नावाच्या शास्त्रज्ञानं १८८२ मध्ये उडत्या पक्ष्यांचे फोटो काढायला चक्क बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा केला होता. खांद्याला लावायचा, नेम धरायचा, चाप ओढायचा, आणि एका सेकंदात बारा चित्रं. आजही आपण "शूट केला" असंच म्हणतो. बाण, बंदूक, कॅमेरा, तिघांनाही नेम लागतो. पण या बाणानं जीव जात नाही. पक्षी पुढे उडून जातो आणि आपल्या हाती फक्त त्याचा प्रकाश राहतो. माझ्या मते नेम धरूनही न मारण्याची एवढी सुंदर सोय आपल्या पिढीला मिळालीय, हे भाग्यच आहे.

मग बिघडतं कुठे? नवीन फोटो काढणारे एक गोष्ट हमखास करतात. एक फोटो निघाला की लगेच मान खाली घालून मागची स्क्रीन बघायची. कसा आला? शार्प आहे का? आणि तेवढ्यात डोक्यावरून दुसरा पक्षी निघून जातो. बाण घडवणाऱ्यानं राजाची स्वारी पाहिली नाही कारण तो कामात होता. आपण पक्षी पाहत नाही कारण आपण आपल्याच फोटोत असतो. दोघांचीही मान खालीच. पण पहिल्याला अवधूत गुरू म्हणतो. दुसऱ्याला काय म्हणेल, तुम्हीच ठरवा.

जपाचंही तेच नाही का? माळ चालू आहे आणि मन मोजतंय, आज किती झाल्या. तीही स्क्रीन बघणंच.

चौथी गुरू: कुंभारीण माशी

अध्यायाच्या शेवटाकडे हा चोविसावा गुरू येतो. मातीचं घर करणारी माशी एका किड्याला त्या घरात कोंडते. आत तो किडा भीतीनं सतत तिचंच चिंतन करतो, आणि चिंतन करता करता तिच्याच रूपाचा होतो, असा हा दृष्टांत. प्रेमानं असो, द्वेषानं असो, भीतीनं असो, मन जिथे पूर्ण लागतं ते रूप आपण घेतो.

म्हणून मी "नाद" या शब्दाला घाबरत नाही. नाद कशाचा, एवढंच विचारतो. लेन्समधून तू रोज पक्षी बघत असशील तर हळूहळू तुझ्यात पक्ष्याचं काहीतरी उतरेल. कापशी घार बघितलीस ना? हवेत एका जागी थांबते. पंख फडफडतायत, वारा ढकलतोय, शरीर वरखाली होतंय, पण डोकं जागचं हलत नाही. नजर खाली गवतावर. गीतेतला स्थितप्रज्ञ मला तरी आकाशात इतका स्पष्ट दुसरीकडे दिसला नाही. हे तास-तास बघणारा माणूस ऑफिसात मीटिंग तापल्यावर थोडा जरी तसा राहिला तरी तो रविवार वाया गेला नाही.

पण लेन्समधून बघताना मनात पक्षी नसेल, किती लाइक्स पडतील तो आकडा असेल, तर आपण आकड्याच्या रूपाचे होतो. आज वाढला, उद्या कमी झाला, तिसऱ्या दिवशी विसरला गेला.

दर्शनबारी

आता शेवटचं, आणि मला वाटतं हाच खरा मुद्दा.

पंढरपूरला आपण दर्शनबारीत उभे राहतो. आषाढीला तर कितीतरी तास. पाय सुजतात, पाऊस लागतो. आणि पायांवर डोकं ठेवायला मिळतं ते काही क्षण. तेवढ्यात पुढे सरकावं लागतं. तरी बाहेर येणारा माणूस रडत येतो, हसत येतो, आणि म्हणतो, दर्शन झालं. "मी पाहिलं" असं तो म्हणत नाही. दर्शन झालं, म्हणजे समोरच्यानं दिलं. मागून कुणी विठोबाला धक्का मारून "जरा हात वर करा" म्हणत नाही.

अग्निपंखाचे पंख हेही दर्शन आहे. तो कधीतरी आपणहून उडतो. पाणी बदलायचं असतं, थवा हलायचा असतो, संध्याकाळ होते. त्या वेळी तुम्ही तिथे शांत बसलेले असाल तर ते लाल पंख तुम्हाला दिसतात. नसाल तर नाही. बोट घुसवून जे मिळतं त्यात तोच रंग असतो, तीच काळी किनार असते, कदाचित फोकसही जास्त चांगला असतो. पण ते मिळालेलं नसतं, हिसकावलेलं असतं. आणि हिसकावलेलं चोचीत धरलं की टोच्या बसतात. ताई, तुला त्याच बसतायत. तो फोटो वाईट नाही. तो प्रसाद नाही, म्हणून देवापुढे ठेवताना हात अडतो.

पुंडलिकाची गोष्ट तर आपल्या सगळ्यांना पाठ. देव दारात आला, हा आईवडिलांच्या सेवेत होता, म्हणून त्यानं वीट सरकवली आणि म्हणाला, थांब. आणि देव थांबला. अजून थांबलाय. ज्या संप्रदायाचा देवच कमरेवर हात ठेवून वाट बघत उभा आहे, त्या संप्रदायातल्या आपल्याला एका पक्ष्यासाठी तासभर थांबता येऊ नये?

मग करायचं काय?

छंद सोडू नकोस. तुकडा टाक.

माझ्या मते तो तुकडा म्हणजे कॅलेंडरचं ते पान. ऑफिसात ज्यांनी निवड केली त्यांना साधं सांग, हा थवा बोटीनं उडवला होता, म्हणून हा फोटो मागे घेते, दुसरा देते. फार मोठं भाषण नको. कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचं काय! कुणी म्हणेल, भाव खातेय. एखाद्या वेळेस पान दुसऱ्याच कुणाला जाईल. जाऊ दे. कुररानं टाकलेला तुकडाही दुसऱ्यांनीच नेला, आणि तो मागे वळून बघत बसला असं अवधूत सांगत नाही. फोटो तुझ्या पेजवर असेल तर पुसायची गरज नाही. खाली खरं लिही. ज्या दोनशे लोकांनी तो बघून "आपणही असा काढू" ठरवलं असेल, त्यातल्या दोघांनी जरी ते वाचून बोट लांब थांबवली, तरी त्या थव्याचं थोडं देणं फिटेल.

पारायणाचं म्हणशील तर रविवारचा हट्ट धरू नकोस. शनिवारी रात्री लेन्स पुसून झाली की एक अध्याय वाच. आणि बोटीत, पक्षी यायची वाट बघताना, नाम घे. तिथे वेळच वेळ असतो. बाकीचे मोबाइल बघत असतात.

आजचा नेम

हा फक्त कॅमेरेवाल्यांसाठी नाही, सगळ्यांसाठी.

एक. आज दहा मिनिटं गॅलरीत किंवा खिडकीत उभं राहून एकाच पक्ष्याकडे बघा. कावळा चालेल, पारवा चालेल, साळुंकी चालेल. फोटो काढायचा नाही. तो उडेपर्यंत थांबायचं. त्याला उडवायचं नाही.

दोन. रात्री झोपताना स्वतःला विचारा, माझ्या चोचीत आज असा कोणता तुकडा आहे ज्यामुळे मला टोच्या बसतायत? तो हक्काचा आहे, की हिसकावलेला?

तीन. उद्या कुठेतरी पाच जण गप्प बसतील. तिथे एक वाक्य बोला. हळू आवाजात बोललं तरी चालतं.

उद्या आपण दहावा अध्याय सुरू करू. अवधूत निरोप घेऊन निघून गेलाय. यदू राजा त्याला वंदन करतो, त्याची आसक्ती सुटते, आणि तो समचित्त होतो. राजाला अवधूतानं काही दिलं नाही. कसं बघायचं ते दाखवलं आणि तो वाऱ्यासारखा निघून गेला.

त्याचं ते बघणं आपल्या डोळ्यांत थोडंसं उतरो, एवढंच आज पांडुरंगापाशी मागू या.

राम कृष्ण हरि.